आईनं सांगितलेली मी

६ डिसेंबर २००४, सोम.

आणि म्हणूनच तो कागद मी परत दिला नाही. बाकी सगळ्यांनी दिला. ट्रेनिंगच्या मॅडम टेबलावरून कागद गोळा करत आल्या तेव्हा मी माझा पर्समध्ये सरकवला. शनिवारपासून तिथंच आहे. आज शाळेत चार वेळा काढून बघितला, चार वेळा ठेवला.

शाळेनं आम्हा पाच टीचर्सना बीडला पाठवलंतं. विषय: वर्गातलं वेगळं मूल कसं ओळखायचं. कागद इंग्लिशमध्ये, झेरॉक्सची झेरॉक्स. मी माझ्या सिनियर केजीची यादी डोक्यात धरून वाचायला लागले. नजरेला नजर देत नाही. वस्तू ओळीत मांडतं. ठरलेलं बदललं की बिथरतं. कपड्याचं लेबल टोचतं. एकच विषय धरून बोलत राहतं, समोरचा कंटाळला तरी कळत नाही. वर्गातलं एक पण लेकरू त्यात बसेना. आणि माझी पेन्सिल टिक करत चाललेली. कुणासाठी करतेय ते पान उलटल्यावर कळलं.

माझ्या सगळ्या ड्रेसची लेबलं ब्लेडनं काढलेली आहेत.

वर शब्द होता, ऑटिझम. हॉस्टेलच्या इंग्लिशमध्ये हा शब्द कधी आला नव्हता.

वैशाली आज सुट्टीवर, सहा डिसेंबर. उद्या तिला दाखवते. नको. दाखवते.

७ डिसें.

दाखवला. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची मुद्दाम धरणारी एकटी वै.च. तिनं पूर्ण वाचला, गणिताचे पेपर तपासते तसा, बोट ठेवून. म्हणाली, हे तर अर्ध्या गेवराईला लागू होतंय. मग परत वरून खाली बघितलं. म्हणाली, न्हाई गं. तुलाच.

दोघी लई हसलो.

मग विचारलं तिनं, नाव कळून करणार काय? अपंगाचा दाखला काढणार का, एसटीचा पास? उत्तर आत्ता येतंय. मला लहानपणापासून आत्तापर्यंत तीन नावं मिळालीत. घरी खुळी. हॉस्टेलवर शिष्ट. शाळेत "मॅडम, जरा हसत जा". चौथं एखादं मी स्वतः शोधलेलं पाहिजे. चुकीचं निघालं तर निघालं.

११ डिसें., शनि.

स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेलते. प्लायवूडची केबिन, पुढं पडदा. मालकाला वाटलं मी कुण्या पोराला मेल करतेय, सारखा पडद्याजवळून खोकत जात होता. पान उघडायला इतका वेळ की मी मधे एका वर्गाच्या वह्या तपासल्या.

पण सापडलं. मोठ्या बायका पण असतात. एका परदेशातल्या बाईनं स्वतःबद्दल लिहिलेलं. फोन करायच्या आधी ती काय बोलायचं ते कागदावर लिहून घेते. मी तर वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवलेलंच आहे. कुणी वारलं तर काय म्हणायचं. कुणी बाळंत झालं तर काय. कुणी "आज लई छान दिसतीयस" म्हणलं तर काय. त्या बाईला एक्केचाळिसाव्या वर्षी डॉक्टरनं सांगितलं. तोपर्यंत तिला वाटायचं, सगळेच असं पाठ करतात, फक्त आपलंच पाठांतर कच्चं.

ती बटणं जमवते. मी दाणे. आप्पांच्या भुसार दुकानात माझी एक फळी आहे, त्यावर औषधाच्या रिकाम्या बाटल्या. एकेकीत ज्वारी, बाजरी, तुरीचा नमुना. वर चिठ्ठी, गाव, रान, साल. आप्पा गिऱ्हाइकाला सांगतात, आमची गिरिजा दाणा चावून गाव सांगते. हे ऐकलं की मी दिवसभर बरी असते.

घरी येताना जवळजवळ पळत आले. बाजारातून सरळ. कुणाला तरी सांगायचं होतं, कुणाला ते कळेना.

१५ डिसें., बुध.

पाटोद्याच्या आत्याबाई आल्यात. आप्पांची थोरली बहीण. स्थळ घेऊन. मुलगा विश्वनाथ, अंबाजोगाई, स्वतःचं मेडिकल. आपल्यातलेच, लिंगायत. घर बरं. मुलाची चुलत बहीण औ.बादला डॉक्टर. आत्याबाई म्हणाल्या, ते लोक चौकशी केल्याबिगर पुढं सरकणारे न्हाईत, कुठून कोण येऊन बघून जाईल पत्ता लागायचा न्हाई, सगळ्यांनी सांभाळून.

सगळ्यांनी म्हणजे मी.

मग लातूरच्या लोकांचा विषय निघाला. निघतोच. मागच्या वर्षी बघायला आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, स्वयंपाक येतो का. मी म्हणलं येतो, आणि भाकरीला मालदांडी ज्वारी कावून चांगली आणि दगडी कावून नाही ते सांगितलं. पीठ, पाणी, तवा सगळं. मुलाच्या वडिलांनी मधे दोनदा घड्याळ बघितलंतं म्हणे. मला आठवत नाही. आत्याबाईंना आठवतं.

"हिच्या तोंडाला ह्या टायमाला कुलूप घाला जरा," आत्याबाई आईला म्हणाल्या. "लातूरवाल्यांला भाषण केलं हिनं ज्वारीवर. मार्केट कमिटीत उभी ऱ्हानार हाय का?"

मी पण हसले. उशिरा हसले, नेहमीसारखी.

१९ डिसें.

ट्रेनिंगच्या मॅडमकडून नंबर मिळाला. औ.बादच्या डॉक्टर, लेकरांच्या मनाच्या. एसटीडी बूथवर कागद घेऊन गेले. त्यांनी विचारलं, मुलाचं वय काय. म्हणलं चोवीस. मग म्हणाल्या, म्हणजे तुम्ही स्वतःच का? हो. बरं. तीन तारखेला या.

३ जाने. २००५, सोम.

घरी सांगितलं, शाळेची पुस्तकं आणायची. पहिल्यांदा खोटं बोलले असं नाही, पण खोटं बोलले की माझं पोट दुखतं. पाचोडपर्यंत दुखलं.

क्लिनिकमध्ये खुर्च्या एवढ्याएवढ्या. सगळ्या आया लेकरं घेऊन. एकजण म्हणाली, तुमचं लेकरू कुठंय? मागच्या पानांवर याचं उत्तर नव्हतं. एक तीनेक वर्षांची पोरगी ठोकळे मांडत होती, लाल, पिवळा, पिवळा, लाल. मी खाली बसून तिला पुढचा देत गेले. तिनं घेतला. माझ्याकडं बघितलं नाही. मी तिच्याकडं बघितलं नाही. एवढ्या दिवसांत इतकं निवांत वाटलं नव्हतं.

डॉ. मॅडमनी पाऊण तास ऐकून घेतलं. म्हणाल्या, पण तुम्ही तर डोळ्यात बघून बोलताय. मी सांगितलं, डोळ्यात नाही, दोन भुवयांच्या मधे बघतेय, हॉस्टेलच्या वॉर्डननं शिकवलंय. ते त्यांनी लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

पण. त्या म्हणाल्या, मी लेकरांचं बघते. मोठी बाई स्वतःच्या पायानं आलेली तुम्ही पहिलीच. आत्ताचं तुम्ही सांगितलं. मला पाच वर्षांच्या आतली गिरिजा बघायचीय. ती तुम्हाला आठवणार नाही. आईला आणा.

५ जाने.

आईला कसं सांगायचं याचे सात प्रकार लिहिले. सातवा सगळ्यात छोटा. तोच बोलले. औ.बादला एक डॉक्टर मॅडम आहेत, त्यांना माझ्याबद्दल तुझ्याशी बोलायचंय.

आईनं कावून विचारलं नाही. कोण विचारलं नाही. पदराला हात पुसले आणि म्हणाली, कवा जायाचं?

इतकं सोपं. मला संशय यायला पाहिजे का? समोरच्याच्या मनातलं ओळखता येत नाही, हा पण पॉइंट होता कागदावर. टिक केलाय.

१२ जाने.

आई कामात पुटपुटत असते हल्ली. मी गेले की गप. संक्रांतीचं काही असेल.

१७ जाने., सोम.

हे नीट लिहून ठेवते.

आई इरकल नेसली. डोक्यावर पदर. तिळाच्या पोळ्यांचा डबा डॉक्टरसाठी. पूर्ण एसटीत माझा हात धरून बसली. मला हात धरलेला चालत नाही हे जगात तिलाच माहीत आहे, तरी.

मॅडमनी विचारलं, लहानपणी कशी होती ही? आई खुर्चीच्या टोकाला बसली आणि सुरू झाली.

"लई गुनाची. रडायचं म्हनून ठावंच न्हाई. नवव्या म्हैन्यात बोलाया लागली, चुरुचुरु."

मॅडमनी विचारलं, बाकीच्या मुलांत खेळायची?

"कुनाच्या दारात गेली न्हाई कदी. घर भलं अन् ती भली."

नजरेला नजर देऊन बोलायची का?

"डोळा वर करून बगत न्हाई बाई कुनाकडं. आत्ताबी बगत न्हाई. इचारा गेवराईत कुनालाबी."

मॅडमचं पेन थांबलं. मग परत चाललं. तीच तीच गोष्ट करत बसायची का? आई म्हणाली नेटकी हाय, डबे एका ओळीत, जरा हाललेला चालत न्हाई. काही बदललं की त्रास व्हायचा? येळेची पक्की हाय. मैत्रिणी? नादी लागायची सवयच न्हाई. मी मधे बोलले, आई, खरं सांग ना. तिनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. आणि मॅडमना म्हणाली, रंग जरा सावळा हाय पन इंग्रजी फडाफडा बोलती, सैपाक, शिवन समदं येतंय.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी भुवयांच्या मधे.

आईला बाहेर बसवून मला पाच मिनिटं आत ठेवलं. म्हणाल्या, गंमत बघा, मला पाहिजे त्या अर्ध्या गोष्टी तुमच्या आईनं गुण म्हणून सांगितल्या. पण बोलणं नवव्या महिन्यात, रडणं नाही, कशाचा त्रास नाही, हे मी लिहिलं तर उत्तर नाही असंच येतं. म्हणून मी ‘नाही’ असं लिहीत नाही. ‘हो’ पण लिहू शकत नाही. खरं सांगणारं माणूस लागेल.

येताना एसटीत, पाचोड गेल्यावर, आई हळूच म्हणाली, "पसंत पडली का गं तू बाईला?"

कोणत्या बाईला?

"हीच की. इस्वनाथची भैन न्हवं का ती डाक्टरीन?"

आत्याबाईंनी सांगितलेली चुलत बहीण. चौकशीला कुठूनही कोण येईल. आणि मी म्हणाले होते, एक डॉक्टर मॅडम आहेत, माझ्याबद्दल बोलायचंय. आईनं जुळवलं. बारा दिवस ती माझ्यासारखीच उत्तरं पाठ करत होती. चुलीसमोर पुटपुटत होती ते हे.

शहागडचा पूल आला. मग फक्त एवढंच, ती नव्हे. आई म्हणाली मंग कोन? म्हणलं शाळेच्या कामाच्या आहेत. पोट दुखलं.

१८ जाने.

वै.ला सांगितलं. ती हसायला लागली आणि मधेच थांबली. म्हणाली, तुझी आई लई भारी बाई हाय. मला राग आला. कुणाचा ते कळेना.

२३ जाने., रवि.

ते लोक येऊन गेले. पोहे, चहा, ओटीत नारळ. माझ्या तोंडाला कुलूप. मग म्हणाले मुला-मुलीला जरा बोलू द्या. दहा मिनिटं गच्चीवर.

विश्वनाथ उंच आहे, शर्टला औषधाचा वास. म्हणाला, तुम्हाला काही विचारायचंय का? मी हातातला कागद उघडला. त्यानं हात पुढं केला, मी दिला. त्यानं प्रश्न वाचले आणि एक, दोन, तीन अशा नंबरानं उत्तरं दिली. पाचव्याला म्हणाला, हे मला माहीत नाही, विचार करून सांगतो. प्रश्न होता, घरात पाहुणे आलेले असताना मी थोडा वेळ आतल्या खोलीत एकटी बसले तर चालेल का.

जाताना दुकानात थांबला. बाटल्या बघितल्या. म्हणाला, ह्या खोकल्याच्या औषधाच्या. कीड लागत नाही का दाण्याला? आप्पा म्हणाले लिंबाचा पाला घालती ती. पाचोळा बघायला त्यानं बाटली उजेडात धरली आणि होती तिथंच ठेवली. चिठ्ठी समोर येईल अशी. एवढं कुणी ठेवत नाही.

मला सांगायचंय त्याला. सगळं. पण काय सांगू? की मला शंका आहे? तो मेडिकलवाला, पहिला प्रश्न येईल कोणत्या डॉक्टरनं सांगितलं. मग मी म्हणू, डॉक्टर हो पण म्हणाली नाही आणि नाही पण म्हणाली नाही?

२५ जाने.

अंबाजोगाईहून होकार. आत्याबाईंचा फोन शेजारच्यांकडं आला, आई पळत गेली. आमचा होकार कळला की वीस फेब्रुवारीला सुपारी फोडायची. आप्पा मला म्हणाले, तुझं काय ते सांग, घाई न्हाई. आप्पांची घाई न्हाई म्हणजे आठवडाभर.

३० जाने., रवि.

आज आईला सांगितलं. दुपारी ती ज्वारी निवडत होती. पुढं बसले. पाठ केलेलं सगळं गेलं डोक्यातून. म्हणलं, त्या लेकरांच्या डॉक्टर आहेत. काही लेकरांना लोकांत कसं राहायचं ते आपोआप येत नाही, त्यांच्या. मला वाटतंय मी तशी आहे. लहानपणीचं खरं तूच सांगू शकतीस.

आईचा हात थांबला नाही. खडे बाजूला पडत राहिले.

"कुनी सांगितलं तुला?"

वाटलं रागावली. नाही. तिला वाटलं गावातलं कुणीतरी बोललं माझ्याजवळ. म्हणजे बोलण्यासारखं होतं.

मग सांगितलं तिनं. सुपाकडं बघूनच. मधे मधे थांबत. मी आठवेल तसं लिहितेय, तिचं तसंच.

चार वर्षांची होईस्तोवर मी बोललेच नाही. एक शब्द नाही. शेजारणी म्हणायच्या मुकी हाय. कुकरची शिट्टी झाली की भिंतीवर डोकं आपटायचे. म्हणून आमच्या घरात कुकर नाही. मला इतकी वर्षं वाटायचं, आईला पातेल्यातलाच भात आवडतो.

लिंगधारणा झाली तेव्हा स्वामींनी गळ्यात इष्टलिंगाचा दोरा बांधला. मी तो ओढून ओढून मान रक्तबंबाळ केली. आजी म्हणाली, लेकराला देवच नको, ह्याच्यावर काहीतरी हाय. आईनं दोरा काढला आणि लिंग झबल्याच्या आतल्या खिशात शिवून टाकलं. प्रत्येक झबल्याला खिसा. वर गळाबंद कॉलर, दोरा नाही ते दिसू नये म्हणून. आजी गेली, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. आप्पांना पण माहीत नाही.

आप्पांनी मला दुकानात ज्वारीच्या राशीत बसवलं की मी गप व्हायचे. एक दिवस तिथंच पहिल्यांदा बोलले. पूर्ण वाक्य. ही त्या पोत्यातली न्हाई. आप्पांनी मोंढ्यात दुकानादुकानांत पेढे वाटले. आणि खरंच त्या पोत्यातली नव्हती म्हणे.

हे सांगताना हसली ती. मी पण. वेळेवर.

मग म्हणलं, आणि तरी तुम्ही मला सहाव्या वर्षी इंग्लिश मीडियमला टाकलंत. मला याचा लई अभिमान आहे, सगळ्यांना सांगते. गेवराईत तेव्हा कुणाची पोरगी इंग्लिश शिकत नव्हती. आता गल्लीगल्लीत बोर्ड लागलेत, आप्पांना ते तेव्हाच कळलंतं.

आईनं सूप खाली ठेवलं.

"इंग्रजीचं काय घिऊन बसलीस गिरू. लांब व्हती ती साळा."

म्हणलं, म्हणजे?

"तितं आपल्या गावचं कुनी न्हवतं. हितं लोकांनी तुला येडी करून सोडली असती. कोन करून घेनार व्हतं मंग तुला?"



हॉस्टेलवर महिन्यातून एकदाच भेटू द्यायचे. ती मधल्या रविवारी पण यायची, औ.बादला, एकटी. कंपाउंडच्या बाहेरून बघून परत. मी झाडाखाली खडे मांडत असायचे. "बरी दिसायचीस," म्हणाली. "मंग मी स्टँडवर चहा पिऊन यायचे."

उठताना म्हणाली, हे वहीत लिहू नगंस. तिला माहीत आहे मी वही लिहिते ते.

लिहिलं.

३१ जाने.

शाळेत "गुड मॉर्निंग मॅम" म्हणाली पोरं. किती लांबून आलंय हे गुड मॉर्निंग.

दुकानात जाऊन सगळ्या बाटल्या खाली काढल्या, पुसल्या, परत लावल्या. परत काढल्या. आप्पा म्हणाले, बरं हाय ना? म्हणलं हो.

राग पण येतोय आणि कंपाउंडबाहेर उभी असलेली आई पण दिसतेय. एकाच वेळी दोन्ही कसं करायचं?

३ फेब्रु.

वै. म्हणाली, कागदाची वाट कावून बघतीस? सरळ सांग त्याला. आमच्या घरात माझ्या आज्यानं छप्पन साली कुणाच्या दाखल्याची वाट न बघता ठरवलंतं आपण कोण ते. मी म्हणलं, तुझ्या आज्यासोबत लई माणसं होती. माझ्यासोबत एक झेरॉक्स आहे. मग म्हणाली, अन् मी? मी आहे की.

याच्यावर काय म्हणायचं ते मागच्या पानांवर नाही. लिहून ठेवायला पाहिजे.

तिचं ऐकून बूथवर गेले. अंबाजोगाईचा नंबर लावला. हॅलो, मेडिकल, तोच आवाज. मी पहिली ओळ वाचली, मी गिरिजा बोलतेय, मला तुम्हाला एक महत्त्वाचं. मागून कुणीतरी त्याला जुलाबाच्या गोळ्या मागितल्या. तो म्हणाला एक मिनिट हं. मी ठेवून दिला.

आणि आता तो दोन दिवस विचार करत असेल काय महत्त्वाचं.

७ फेब्रु., सोम.

डॉ. मॅडमना फोन. सांगितलं, आई खरं बोलली, पण मला, घरात. त्या म्हणाल्या, फार छान, त्यांना घेऊन या. नाहीच आल्या तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणलं तरी मला पुष्कळ होईल. पंधराला या, मंगळवारी. त्यानंतर त्या दीड महिना नाहीत.

पंधराला तिकडं. वीसला सुपारी, आप्पांना मी हो म्हणून बसलेय.

९ फेब्रु.

आईला विचारलं. येतीस का, आणि मला सांगितलंस ते तिथं सांगतीस का?

ती चिडली नाही. तिनं हे आधीच ठरवून ठेवलेलं. म्हणाली, "सुपारी फुटू दे. लगीन हू दे. मंग म्हनशील तितं येते, म्हनशील ते सांगते. आत्ता न्हाई."

म्हणलं, मग त्याला फसवल्यासारखं होईल.

"कशाचं फसीवनं? डाक्टरला कळंना तू कशी हायस, त्याला काय सांगनार? इस वर्सं मी झाकलं ते काय आत्ता दारात मांडाया झाकलं का?"

मग थोड्या वेळानं, दुसऱ्याच आवाजात, त्या लिंगाचं तर कुनालाच सांगू नगंस माझे आई.

मला "माझे आई" म्हणाली.

१० फेब्रु.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर आलं. विश्वनाथचं पोस्टकार्ड, शाळेच्या पत्त्यावर, म्हणजे सगळ्या स्टाफनं वाचलेलं. एकच ओळ. पाहुणे असताना आत बसलेलं चालेल, विचारलं तर मी सांगीन डोकं दुखतंय. खाली, फोन कट झाला होता, महत्त्वाचं काय ते कळवावे.

डोकं दुखतंय. चांगला माणूस आहे. पण तो पण झाकणारच. आईसारखाच, प्रेमानं. कशाला झाकतोय ते तरी त्याला माहीत पाहिजे ना. मला तरी.

१३ फेब्रु., रवि.

परवा जायचं. शाळेत रजा टाकली. घरी यावेळी खरं सांगितलं, औ.बादला त्याच मॅडमकडं जातेय. आई म्हणाली जा. तिला वाटतंय ती आली नाही तर माझ्या हातात काहीच नाही. आप्पा म्हणाले, तब्येत बरी हाय ना? आईनं माझ्या आधी उत्तर दिलं. बरी हाय, डोळे दाखवाया चाललीय.

पण माझ्या हातात आहे. ही वही. तीस तारखेचं पान. आईचेच शब्द, झबल्याचा खिसा, शिट्टी, चार वर्षं, लांबची शाळा, सगळं. मॅडमना पाहिजे ते एवढंच. ते पान समोर ठेवलं की पंधराला मला उत्तर मिळेल, हो किंवा नाही. मग वीसच्या आत अंबाजोगाईला पत्र. मग त्यानं ठरवावं.

आणि आईनं सांगितलंय लिहू नको. लिहिलं ते लिहिलं. पण दाखवायचं म्हणजे तिनं वीस वर्षं आप्पांपासून पण लपवलेलं मी एका परक्या बाईच्या टेबलावर नेऊन ठेवायचं. तिनं तर तिथं बसून मला किती चांगली म्हणून सांगितलंतं. पोळ्यांचा डबा नेऊन.

वै. म्हणते तिला विचारून ने. विचारलं तर ती नाही म्हणेल. मग नेता येणार नाही. म्हणून विचारत नाहीये मी, एवढं तर मला कळतंय.

दुपारपासून वही पिशवीत घालतेय, काढतेय. पान फाडून नेऊ का, बाकीचं इथंच ठेवून? फक्त खिशाचं तेवढं खोडू? ते खोडलं तर बाकीचं पण खरं वाटणार नाही, आणि तेच तर सगळ्यात खरं आहे.

पाच वर्षांच्या आतली मी मला क्षणभर पण आठवत नाही. ती फक्त आईकडं आहे. मग ती कुणाची, माझी का आईची? कुणी कधी हे वाचलं तर सांगा, तुम्ही नेली असती का ही वही?